फ्रान्सिस्कन संघाचे दारिद्र्यव्रत : स्वामित्व, उपभोग आणि अनासक्ती

१. प्रश्नाचे स्वरूप

पार्थिव धनापेक्षा आत्मिक धन श्रेष्ठ होय, हा सिद्धान्त ख्रिस्ती परंपरेत सहसा कोणी नाकारलेला नाही. वाद माजला तो या सिद्धान्ताच्या आचरणाविषयी. धनाचा त्याग म्हणजे नेमका कशाचा त्याग? वस्तूचा, वस्तूवरील हक्काचा, की वस्तूविषयीच्या आसक्तीचा? वस्तूचा त्याग करावा, तर देह आहे तोवर अन्न, वस्त्र व निवारा यांपासून सुटका नाही. हक्काचा त्याग करावा, तर हक्क सोडूनही वस्तू यथेच्छ भोगता येतात आणि त्याग नाममात्र ठरण्याचा धोका उत्पन्न होतो. आसक्तीचा त्याग करावा, तर तो अंतःकरणातील व्यापार असल्यामुळे त्याची साक्ष देणारे बाह्य प्रमाण उरत नाही, आणि गर्भश्रीमंत मनुष्यही स्वतःस अनासक्त म्हणवून घेण्यास मोकळा राहतो.

ही तिन्ही उत्तरे तेराव्या व चौदाव्या शतकांत फ्रान्सिस्कन संघाच्या इतिहासात एकमेकांसमोर उभी ठाकली. सुमारे शंभर वर्षे चाललेल्या या वादात पोपांनी परस्परविरोधी वाटणारी आज्ञापत्रे काढली, व्रतस्थ बंधू कारागृहात पडले, काही जिवंत जाळले गेले, आणि संघाचा मुख्याधिकारी रातोरात पळून पोपच्या शत्रूस जाऊन मिळाला. कोणाजवळ काहीही असू नये, एवढ्या साध्या इच्छेतून हे सारे उद्भवले. त्या वादातील युक्तिवादांची मांडणी करून त्यांतून ख्रिस्ती त्यागकल्पनेचा कोणता अर्थ निष्पन्न होतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शुभवर्तमानातील आधार

या वादातील सर्व पक्षांचा आधार एकच होता, तो म्हणजे शुभवर्तमाने. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात कसर व गंज ज्याचा नाश करतात असे धन पृथ्वीवर साठवू नये, स्वर्गात साठवावे, असा उपदेश आहे. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात सर्व आज्ञा पाळणाऱ्या एका धनवान तरुणास येशू पूर्णत्वाचा मार्ग सांगतो. असेल नसेल ते विकावे, गोरगरिबांना द्यावे आणि मागे यावे, असा तो मार्ग होय. तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. दहाव्या अध्यायात शिष्यांना प्रचारार्थ पाठविताना सोने, रुपे, झोळी, दुसरा अंगरखा यांपैकी काहीही बरोबर घेऊ नये असे बजावले आहे.

परंतु याच ग्रंथांत दुसऱ्या बाजूची वचनेही आढळतात. धन्यवादांच्या आरंभी लूक केवळ दीनांचा उल्लेख करतो, तर मत्तय आत्म्याने दीन असलेल्यांचा. या एका शब्दाच्या अंतरात पुढील सर्व मतभेदांचे बीज आहे. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशू व त्याचे शिष्य यांची एक समाईक थैली होती आणि ती यहूदाकडे असे. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेम येथील पहिल्या मंडळीचे सर्व काही समाईक होते, असे वर्णन आहे. समाईक असणे म्हणजे काहीच नसणे नव्हे, हा भेद पुढे निर्णायक ठरला.

प्रारंभीच्या शतकांत या वचनांचा अर्थ दोन दिशांनी लावला गेला. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने धनवानाच्या तारणासंबंधी लिहिलेल्या प्रबंधात असे प्रतिपादिले की, संपत्ती हे एक साधन असून टाकावयाची ती संपत्ती नव्हे, तर मनातील विकार. उलट ईजिप्तमधील अँटनीने धनवान तरुणाची कथा मंदिरात ऐकली आणि ती जणू आपल्यासच उद्देशून आहे असे मानून वडिलोपार्जित जमिनीचा त्याग केला. पुढे पश्चिमेत बेनेडिक्टच्या नियमावलीने मध्यम मार्ग स्वीकारला. भिक्षूचे स्वतःचे असे काही नाही, परंतु मठाचे सर्व काही आहे. परिणामी मठ संपन्न होत गेले. अकिंचन भिक्षू विस्तीर्ण जमिनींच्या मध्यभागी राहू लागले. व्यक्तीचे दारिद्र्य आणि संस्थेचे ऐश्वर्य यांतील ही विसंगती बाराव्या शतकात नगरे व व्यापार वाढल्यावर लोकांच्या डोळ्यांत विशेष खुपू लागली.

३. फ्रान्सिसचा मार्ग

असिसीचा फ्रान्सिस हा कापडाच्या व्यापाऱ्याचा पुत्र. त्याचा जन्म इ. स. ११८१ वा ११८२ मधील मानला जातो. इ. स. १२०६ च्या सुमारास पित्याशी द्रव्यावरून झालेला तंटा बिशपपुढे आला, तेव्हा त्याने अंगावरची वस्त्रेही उतरवून पित्याच्या स्वाधीन केली. यानंतर काही वर्षांतच त्याच्याभोवती अनुयायी जमले. तिसऱ्या इनोसंट पोपने या मंडळीच्या जीवनक्रमास तोंडी संमती दिली, आणि २९ नोव्हेंबर १२२३ रोजी तिसऱ्या होनोरियसने संघाच्या नियमावलीस अधिकृत मान्यता दिली.

या नियमावलीतील दोन कलमे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एकाप्रमाणे बंधूंनी नाणी किंवा द्रव्य स्वतः अथवा दुसऱ्याच्या द्वारे कोणत्याही प्रकारे स्वीकारावयाचे नाही. दुसऱ्याप्रमाणे घर, जागा किंवा अन्य कोणतीही वस्तू त्यांनी आपलीशी करावयाची नाही. जगात परक्यासारखे व वाटसरूसारखे वावरावे आणि भिक्षा मागताना लाजू नये. बेनेडिक्टच्या व्यवस्थेहून येथील वेगळेपणा स्पष्ट आहे. येथे केवळ व्यक्तीच नव्हे, तर समुदायही अकिंचन आहे.

फ्रान्सिसच्या दृष्टीने दारिद्र्य हे साध्य नव्हते. ज्याच्यापाशी रक्षण करण्यासारखे काही नाही त्याला शस्त्राची व न्यायालयाची गरज नाही. तो कोणाच्याही दारी धाकट्या भावाप्रमाणे उभा राहू शकतो. संघाने धारण केलेले 'लहान बंधू' हे नाव याच भावनेचे द्योतक होय. ईश्वर पोशील या विश्वासावर जगणे हे त्याचे खरे धन होते, आणि रिक्त हात ही त्या धनाची अट होती. मृत्यूपूर्वी, इ. स. १२२६ मध्ये, त्याने आपल्या अंतिम लेखात बंधूंना बजावले की, रोमच्या दरबारातून सवलतपत्रे मिळवू नयेत आणि नियमावलीवर भाष्ये रचू नयेत. पुढील शतकाचा इतिहास हा या दोन निषेधांच्या उल्लंघनाचा इतिहास आहे.

या उल्लंघनास केवळ बंधूंचा लोभ कारणीभूत होता, असे मात्र म्हणता येत नाही. बारा जणांची भटकी टोळी जे करू शकते ते हजारोंच्या संघास शक्य होत नाही. नवागतांना शिकवावयाचे तर ग्रंथ हवेत. ग्रंथ ठेवावयाचे तर घर हवे. आजाऱ्याची शुश्रूषा करावयाची तर औषधे हवीत. खुद्द फ्रान्सिसच्या समाधीवर असिसी येथे इ. स. १२२८ पासून भव्य मंदिर उभे राहू लागले. ते मंदिर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर देणे भागच होते.

४. स्वामित्व आणि उपभोग यांची फारकत

हे उत्तर विधिशास्त्राने दिले. फ्रान्सिसचा स्नेही व संघाचा पूर्वीचा संरक्षक कार्डिनल उगोलिनो हा नववा ग्रेगरी या नावाने पोप झाला होता. त्याने इ. स. १२३० मध्ये असा निर्णय दिला की, फ्रान्सिसचा अंतिम लेख संघावर बंधनकारक नाही. बंधूंना कोणत्याही वस्तूचे स्वामित्व नाही, मात्र आवश्यक वस्तूंचा उपभोग ते घेऊ शकतात. आणि द्रव्याचा व्यवहार दात्याच्या वतीने तिऱ्हाईत मनुष्य पाहील. इ. स. १२४५ मध्ये चौथ्या इनोसंटने एक पाऊल पुढे टाकले. दात्याने स्वामित्व स्वतःकडे राखून ठेवले नसेल, तर संघाच्या उपयोगातील सर्व वस्तूंचे स्वामित्व पोपच्या पीठाकडे राहील, असे त्याने ठरविले.

महाराष्ट्रातील वाचकास ही योजना देवस्थानच्या उदाहरणाने चटकन उमगेल. देवस्थानची जमीन कागदोपत्री देवाची असते. पुजारी किंवा वहिवाटदार ती सांभाळतो व तिच्या उत्पन्नावर निर्वाह करतो, पण तिचा मालक तो नव्हे. तथापि दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. आपल्याकडे वहिवाट या शब्दातच हक्काचा अंकुर आहे. दीर्घ वहिवाटीने हक्क निर्माण होतो, आणि तो हिरावला गेल्यास न्यायालयात दाद मागता येते. फ्रान्सिस्कन बंधूंना नेमका हा अंकुरच नको होता.

पॅरिस विद्यापीठात इ. स. १२५० नंतरच्या काळात संघाबाहेरील अध्यापकांनी भिक्षुसंघांवर कडाडून हल्ला चढविला, तेव्हा या भेदास तात्त्विक रूप देण्याची गरज भासली. ते कार्य प्रामुख्याने इ. स. १२५७ ते १२७४ या काळात संघाचा मुख्याधिकारी असलेल्या बोनाव्हेंतूरने केले. इ. स. १२६९ मध्ये अकिंचनांच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथात त्याने वस्तूशी असणारे संबंध चार प्रकारचे मानले : स्वामित्व, ताबा, फलोपभोगाचा हक्क आणि निव्वळ उपयोग. पहिल्या तीन संबंधांवाचून मनुष्य जगू शकतो, चौथ्यावाचून नाही. म्हणून पहिल्या तिहींचा संपूर्ण त्याग शक्य आहे, आणि तोच परमोच्च दारिद्र्याचा अर्थ होय.

इ. स. १२७९ मध्ये तिसऱ्या निकोलसने आपल्या आज्ञापत्राने हाच विचार अधिकृत केला. त्याने 'केवळ वस्तुस्थितीतील उपयोग' अशी संज्ञा रूढ केली. हा उपयोग घडतो, पण त्यातून कोणताही हक्क उद्भवत नाही. पंगतीस बसलेला पाहुणा पानातील अन्न खातो. ते अन्न यजमानाचे असते व पाहुणा यजमानाच्या इच्छेने खातो. वाढलेले पान यजमानाने मागे घेतले, तर ते असभ्य दिसेल, परंतु पाहुण्यास फिर्याद करता येणार नाही. बंधूंचे सारे जीवन हे अशा पाहुण्याचे जीवन आहे. शिवाय वैयक्तिक व सामुदायिक अशा दोन्ही स्वामित्वांचा त्याग पुण्यप्रद असून ख्रिस्ताने तो मार्ग स्वतः आचरून दाखविला, असेही निकोलसने नमूद केले. समाईक थैलीचा आक्षेप त्याने दुर्बलांविषयीची अनुकंपा या कारणाने निकालात काढला. या निर्णयावर पुन्हा वाद घालू नये, अशीही त्याची आज्ञा होती.

५. ऑलिव्हीचा आक्षेप : दीन उपभोग

विधीच्या दृष्टीने ही रचना निर्दोष होती. तिची उणीव नीतीच्या क्षेत्रात होती. स्वामित्व पोपचे असताना बंधूंनी भरलेली कोठारे, सुबक इमारती व उत्तम वस्त्रे वापरली, तर नियमावलीच्या कोणत्या शब्दाचा भंग झाला? कोणत्याच नाही. पण फ्रान्सिसने ज्यासाठी वस्त्रे उतरविली होती, ते यात कुठे आहे?

हा प्रश्न दक्षिण फ्रान्समधील पीटर जॉन ऑलिव्ही (इ. स. १२४८–१२९८) याने ऐरणीवर आणला. त्याच्या मते केवळ स्वामित्वाचा त्याग पुरेसा नाही; 'दीन उपभोग', म्हणजे प्रत्यक्ष वापरातील काटकसर व साधेपणा, हा व्रताचाच एक घटक आहे. त्यावर विरोधकांनी घेतलेला आक्षेप विचारार्ह आहे. व्रताचा विषय निश्चित असला पाहिजे. स्वामित्व आहे की नाही हे ठरविता येते, पण दीन उपभोग कोठे संपतो व समृद्ध उपभोग कोठे सुरू होतो, हे कोणी सांगावे? प्रत्येक घासागणिक व्रतभंगाची भीती वाटू लागली, तर व्रत हा सापळाच होईल. ऑलिव्हीचे उत्तर असे की, सीमारेषा धूसर असली तरी सीमेच्या दोन्ही बाजूंचे प्रदेश धूसर नाहीत. लहानसहान चुकीने व्रत मोडत नाही. सर्व परिस्थिती लक्षात घेता उपभोग दीन म्हणण्याऐवजी समृद्धच म्हणावा लागेल, अशा ठिकाणी मात्र ते निश्चित मोडते. बहुतेक सद्गुणांचे स्वरूप असेच असते.

येथे जैन परंपरेतील एका जुन्या मतभेदाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे ममत्व, अशी केलेली आहे. ही व्याख्या मान्य असूनही दिगंबर परंपरा मुनीच्या वस्त्रास परिग्रह समजते, तर श्वेतांबर परंपरा साधूचे वस्त्र व पात्र यांना संयमाची उपकरणे मानते. ममत्व मनात असते, परंतु वस्तू हाती असताना ते मनातून गेले आहे याची खात्री काय, हाच प्रश्न तेथेही आहे. दोन्ही परंपरांचा परस्परांशी संबंध नसताना त्या एकाच अडचणीपाशी पोहोचाव्यात, यावरून ती अडचण त्यागाच्या कल्पनेतच अंतर्भूत आहे असे दिसते.

ऑलिव्हीच्या विचारसरणीचे आणि इटलीतील तत्सम गटांचे बंधू पुढे 'आत्मिकपंथी' या नावाने ओळखले जाऊ लागले. अँकोना प्रांतातील अशा काही बंधूंना संघाच्या अधिकाऱ्यांनी दीर्घकाळ कारागृहात ठेवले होते. पोप भिक्षुसंघांना स्वामित्व स्वीकारावयास लावणार अशी इ. स. १२७४ च्या लियोंच्या धर्मपरिषदेच्या सुमारास उठलेली वार्ता हे त्या प्रकरणाचे मूळ होय. या बंदींत पुढे आत्मिकपंथाचा इतिहास लिहिणारा अँजेलो क्लारेनो होता, आणि तोलेंतिनो गावचा थॉमसही होता. इ. स. १२८९ मध्ये मुख्याधिकारी झालेल्या रेमों जोफ्रुआने त्यांची मुक्तता करून त्यांना आर्मेनियाकडे धाडले.

या थॉमसचा शेवट महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. चीनमधील धर्मकार्याची पत्रे त्याने इ. स. १३०७ च्या सुमारास पोपच्या दरबारी पोहोचविली होती. पुढे तो स्वतः पूर्वेकडे निघाला. होर्मुझहून समुद्रमार्गे येत असता तो पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व दिमित्रियस या सोबत्यांसह ठाणे बंदरात उतरला. तेथील मुसलमान अधिकाऱ्यापुढे झालेल्या धर्मविषयक वादानंतर एप्रिल १३२१ मध्ये चौघांचाही वध झाला. त्यांचा सहप्रवासी, डॉमिनिकन संघाचा जॉर्डन कातालानी हा बचावला. पुढे ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. ठाण्याच्या इतिहासात या घटनेची नोंद धर्मच्छलाची एक कथा म्हणून होते. त्यांतील एक जण दारिद्र्यव्रतासाठी आपल्याच बंधूंच्या हातून कारावास भोगून आलेला होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

६. बाविसाव्या जॉनचा प्रतिवाद

ठाण्याच्या या घटनेपूर्वीच युरोपात परिस्थिती पालटली होती. इ. स. १३१६ मध्ये बाविसावा जॉन पोप झाला. तो कसलेला विधिज्ञ होता. आखूड वस्त्रे, धान्यकोठारे व तळघरे यांविषयी बंधूंनी वरिष्ठांच्या निर्णयास मान तुकवावी, असे त्याने इ. स. १३१७ मध्ये फर्माविले. दारिद्र्य थोर असले, तरी आज्ञापालन त्याहून थोर आहे, ही त्याची भूमिका होती. ज्यांनी हे मानले नाही अशा चौघा बंधूंना ७ मे १३१८ रोजी मार्सेय येथे जाळण्यात आले.

इथवर संघाचे अधिकारी पोपच्या बाजूस होते. पण ख्रिस्त व प्रेषित यांच्यापाशी वैयक्तिक वा सामुदायिक असे काहीच नव्हते, या मतावरून इ. स. १३२१ मध्ये नार्बोन येथे नवा वाद निघाला, आणि तो थेट संघाच्या मर्मावर येऊन पोहोचला. जॉनने पंडितांची लेखी मते मागविली आणि निकोलसने घातलेली चर्चाबंदी उठविली. जून १३२२ मध्ये मुख्याधिकारी चेझेनाचा मायकेल याच्या अध्यक्षतेखाली पेरुजा येथे जमलेल्या संघसभेने आपले मत जाहीर करून टाकले. त्यावर ८ डिसेंबर १३२२ रोजी जॉनने आपला निर्णय दिला. त्यातील युक्तिवाद सूक्ष्म आहे.

पहिला मुद्दा विधिविषयक. खाल्ल्याने किंवा प्याल्याने जी वस्तू नाहीशी होते, तिच्या बाबतीत उपयोग व स्वामित्व वेगळे करता येत नाहीत. घर दुसऱ्याचे असून त्यात राहता येते, कारण राहिल्यानंतरही घर उरते. पण बंधूने खाल्लेले अंडे किंवा भाकरीचा तुकडा रोमच्या पीठाच्या मालकीचा होता, या म्हणण्यात अर्थ काय? जे नामधारी स्वामित्व पोपला कोणताही लाभ देत नाही, उलट कज्जेदलालीत मात्र ओढते, ते ठेवण्याचे प्रयोजन नाही. सबब चर्चवास्तू व उपासनेची साधने यांसारख्या गोष्टी वगळून अन्य वस्तूंवरील स्वामित्व पोपने यापुढे सोडून दिले.

दुसरा मुद्दा अध्यात्मविषयक असून तोच अधिक गंभीर आहे. ख्रिस्ती जीवनाची पूर्णता मुख्यत्वे प्रीतीत आहे. द्रव्यत्याग हा त्या प्रीतीच्या मार्गातील अडथळा दूर करतो, म्हणून त्याचे महत्त्व. तो अडथळा म्हणजे चिंता : मिळविण्याची, राखण्याची, वाढविण्याची. त्याग केल्यावरही ही चिंता पूर्वीइतकीच राहत असेल, तर त्या त्यागाने पूर्णतेस काय हातभार लागला? पोपकडे स्वामित्व सोपविल्यापासून बंधूंची वस्तू मिळविण्याची व त्यांसाठी भांडण्याची चिंता कमी झालेली नाही, असे जॉनने सुनावले.

१२ नोव्हेंबर १३२३ रोजी त्याने शेवटचे पाऊल टाकले. ख्रिस्त व प्रेषित यांच्यापाशी वैयक्तिक वा सामुदायिक काहीही नव्हते, तसेच जे त्यांनी वापरले त्यावर त्यांचा हक्क नव्हता, असे हट्टाने प्रतिपादणे हे पाखंड होय, असे त्याने घोषित केले.

७. उत्तरपक्ष

संघाच्या वतीने बर्गामोचा बोनाग्राझिया याने जानेवारी १३२३ मध्येच प्रतिवाद दाखल केला होता. त्याबद्दल त्याला कारावास घडला. उपभोग्य वस्तूंविषयीच्या मुद्द्यावर त्याने घोड्याचा दृष्टान्त दिला. घोडा दाणा खातो, पण दाण्याचा मालक होत नाही. खाणे ही घटना आहे, मालकी हा विधिसंबंध आहे. एकातून दुसरे आपोआप निघत नाही. दृष्टान्त जाणूनबुजून योजलेला असावा, कारण अकिंचन बंधूने विधीच्या जगात पशूइतके निरधिकार व्हावे, हीच फ्रान्सिसची लहानपणाची कल्पना होती.

२६ मे १३२८ रोजी मायकेल, बोनाग्राझिया आणि इंग्लंडचा तत्त्वज्ञ विल्यम ऑकम यांनी आव्हीन्यों येथून पलायन केले आणि बव्हेरियाच्या लुईचा आश्रय घेतला. संघाचा बहुतेक भाग पोपच्या आज्ञेत राहिला. पुढील काही वर्षांत ऑकमने लिहिलेल्या विस्तृत ग्रंथात या वादातील सर्वांत काटेकोर विवेचन आढळते. त्याने अनुज्ञा आणि हक्क यांत स्पष्ट रेषा आखली. ज्यापासून मनुष्यास त्याच्या अपराधावाचून किंवा सबळ कारणावाचून वंचित करता येत नाही, आणि वंचित केल्यास ज्यासाठी तो न्यायालयात दाद मागू शकतो, तो हक्क. देणाऱ्याच्या इच्छेनुसार जी केव्हाही मागे घेता येते, ती अनुज्ञा. बंधू अनुज्ञेने जगतात. मग त्यांचा उपयोग अन्याय्य ठरतो का? ऑकमच्या मते नाही, कारण मानवी विधीहून प्राचीन असा निसर्गसिद्ध अधिकार प्राण टिकविण्यासाठी सर्वांनाच आहे. मालकीच्या व्यवस्थेने तो झाकला आहे, नष्ट केलेला नाही. मालकाच्या संमतीने, किंवा प्राणांतिक गरजेत संमतीवाचूनही, तो जागृत होतो.

या विवेचनाचे महत्त्व संघापुरते मर्यादित नाही. मिशेल व्हिले या फ्रेंच विधितत्त्वज्ञाने हक्क म्हणजे व्यक्तीच्या ठायी असलेली शक्ती ही आधुनिक कल्पना ऑकमपासून सुरू झाल्याचे मांडले होते. ब्रायन टियर्नी याने इ. स. १९९७ च्या आपल्या ग्रंथात तिचा उगम बाराव्या शतकातील धर्मविधिज्ञांपर्यंत मागे नेला. दोन्ही मते पाहता एक गोष्ट उरते. हक्क न सांगता जगू पाहणाऱ्यांनीच हक्क म्हणजे काय, याचे अत्यंत सूक्ष्म विश्लेषण करून ठेवले.

८. उपसंहार

या वादाचे तात्पर्य कोणते? संघाच्या विधिज्ञांनी त्याग हक्कात पाहिला, ऑलिव्हीने तो उपभोगात पाहिला, आणि जॉनने तो चिंतामुक्तीत पाहिला. प्रत्येकाने दुसऱ्याचे व्यंग नेमके ओळखले. हक्काचा त्याग निश्चित आहे, पण तो पोकळ होऊ शकतो. उपभोगाचा त्याग भरीव आहे, पण तो अनिश्चित आहे आणि दुसऱ्याचे घास मोजण्याची वृत्ती त्यातून बळावते. चिंतेचा त्याग हा सर्वांत अंतर्मुख, पण तोच एकमेव निकष मानला तर त्यागाची कसोटीच नाहीशी होते. शिवाय ही कसोटी मांडणारा पोप तिचा उपयोग बंधूंना जाळणाऱ्या सत्तेच्या आसनावरून करीत होता, हेही विसरता येत नाही. तरीही त्याने विचारलेला प्रश्न त्याच्या आचरणामुळे खोटा ठरत नाही. दारिद्र्य हेही एक धन होऊ शकते. त्याची मालकी सांगितली जाते, त्याची राखण केली जाते आणि त्यासाठी कज्जे लढविले जातात. आपल्या दारिद्र्याच्या श्रेष्ठत्वासाठी झगडणारा संघ त्या क्षणी तरी अकिंचन होता काय, हा प्रश्न उरतोच.

आत्मिक धनाची श्रेष्ठता विधीने सिद्ध होत नाही. विधी फार तर तिच्यासाठी जागा मोकळी करतो. हक्क, उपभोग व आसक्ती हे त्यागाचे तीन पर्याय नसून तीन पायऱ्या आहेत, आणि शुभवर्तमानातील त्या तरुणास दिलेल्या उत्तरात त्या एकत्र आलेल्या आहेत : विकणे, गरिबांस देणे आणि मागे जाणे. वादात पहिल्या क्रियेचा कीस काढला गेला, दुसरीकडे जवळजवळ दुर्लक्ष झाले. कोठारातील धान्य कोणाच्या मालकीचे, यावर शंभर वर्षे लिहिले गेले. ते धान्य उपाशी माणसापर्यंत पोहोचले की नाही, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच पुढे आला.

संघाच्या पुढील इतिहासात कठोर पालनाची ओढ मात्र संपली नाही. इ. स. १३६८ मध्ये फोलिन्योजवळच्या एका लहानशा आश्रमातून नवी सुधारणा सुरू झाली, आणि इ. स. १५१७ मध्ये दहाव्या लिओने संघाचे विधिवत् दोन भाग केले. सोळाव्या शतकातील कॅपुचिन शाखा हे त्याच ओढीचे आणखी एक फळ होय. प्रत्येक पिढीस हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला, कारण एका पिढीचा त्याग दुसऱ्या पिढीच्या हाती वारसा म्हणून येतो, आणि वारसा ही पुन्हा मालमत्ताच असते.

ठाण्यात मृत्यू पावलेल्या थॉमसने ऑकमचे विवेचन पाहिले नाही, जॉनचे निर्णयही त्याच्या मृत्यूनंतरचे आहेत. ज्या प्रश्नावर पुढे ग्रंथ रचले गेले, त्यासाठी त्याने कारावास भोगला होता आणि मग तो वाद मागे ठेवून दूरच्या वाटेला लागला होता. बंदरात उतरताना त्याच्यापाशी आपले म्हणावे असे काय होते, हे विधीच्या भाषेत सांगणे कठीण आहे. व्रताच्या भाषेत त्याचे उत्तर सोपे आहे, आणि त्या व्रताचा मूळ अर्थ समजण्यास ते पुरेसे आहे.